तीन टक्के नॅनोक्ले, पिवळी पडलेली पेट शीट आणि बिघाडाचा माग

काम असं होतं: ०.५ मिलिमीटर जाडीच्या पेट (पाण्याच्या बाटल्यांचं पॉलिस्टर प्लास्टिक) शीटपासून बनणाऱ्या ट्रेमधून ऑक्सिजन आत शिरण्याचा वेग कमी करायचा. बहुथरी शीट काढणारी यंत्रणा हाताशी नव्हती, म्हणून एकाच थरात नॅनोक्ले, म्हणजे नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यांची माती, मिसळून अडथळा वाढवायचं ठरलं. १०० किलोच्या बॅचमध्ये ०.७२ आयव्हीचा (आयव्ही म्हणजे द्रावणाच्या चिकटपणावरून कळणारं साखळीच्या लांबीचं माप) ९७ किलो पेट आणि ३ किलो ऑर्गॅनोक्ले. ऑर्गॅनोक्ले म्हणजे माँटमोरिलोनाइट या मातीच्या थरांमधले सोडियम आयन काढून तिथे लांब कार्बन साखळीचे अमोनियम आयन बसवलेली भुकटी. इथे वापरलेल्या प्रकारात त्या अमोनियमवर दोन हायड्रॉक्सीइथाइल गट होते, कारण ते पॉलिस्टरशी चांगले जमतात असा सर्वसाधारण अनुभव आहे. पेट १७० अंश सेल्सिअसला ५ तास वाळवून ओलावा ५० पीपीएमवर (दहा लाख भागांत ५० भाग) आणला. क्ले मात्र पोतं फोडून थेट मुख्य हॉपरमध्ये गेली. ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडरचं (दोन स्क्रूंनी माल वितळवून मिसळणाऱ्या यंत्राचं) बॅरल २७५ अंशांवर, वेग मिनिटाला ३०० फेरे. दाणे काढून ते शीट लाइनवर चालवले.

शीट मधाच्या रंगाची निघाली. डायपाशी, म्हणजे माल शीट होऊन बाहेर पडतो त्या तोंडाशी, माशासारखा उग्र वास होता, वितळलेला माल पातळ होऊन ओघळत होता. थंड शीट दुमडली की कडकन तुटत होती आणि उजेडात धरली की बारीक ठिपके दिसत होते. अडथळा वाढला होता, पण जेमतेम दहा टक्क्यांनी.

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. पॉलिस्टरमध्ये पहिल्यांदा नॅनोक्ले घालणाऱ्या बहुतेकांची गाडी याच वळणावर अडते. पुढचे हिशेब मुद्दाम पूर्ण मांडले आहेत, म्हणजे आपल्या मालाचे आकडे घालून ते पुन्हा करता येतील.

पहिला संशय चुकीच्या जागी

ठिपके दिसले की सगळ्यांच्या तोंडी एकच निदान येतं: क्ले नीट विखुरली नाही, फेरे वाढवा, स्क्रूवर आणखी नीडिंग ब्लॉक (माल मळणारे तुकडे) चढवा. इथेही वेग ४५० फेऱ्यांवर नेला. रंग आणखी गडद झाला आणि शीट आणखी ठिसूळ. जास्त कातरण म्हणजे जास्त घर्षण. बॅरलच्या पट्टीवर २७५ दिसत असलं तरी वितळीत प्रोब खुपसून मोजलं तर तापमान १५–२० अंशांनी वर असणं अगदी नेहमीचं. म्हणजे माल प्रत्यक्षात २९०–२९५ अंशांत चालला होता.

विखुरण्याचा प्रश्न खरा होता, पण दुसऱ्या क्रमांकाचा. पॉलिस्टरची साखळी तुटत असताना विखुरणी सुधारायला जाणं व्यर्थ आहे, कारण वितळ पातळ झाली की क्लेच्या पापुद्र्यांच्या चवडी उलगडायला लागणारा ताणच उरत नाही. साखळी तुटते, म्हणून चिकटपणा घटतो, म्हणून विखुरणी बिघडते. क्रम असा असल्यामुळे दुरुस्तीही साखळीपासूनच सुरू करावी लागते.

नायलॉनचा अनुभव इथे दिशाभूल करतो. टोयोटाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात नायलॉन ६ आणि माँटमोरिलोनाइटचं मिश्रण यशस्वी झालं, त्यापासून गाडीच्या टायमिंग बेल्टचं कव्हरही बनलं, आणि नॅनोक्ले सर्वत्र तशीच चालेल अशी समजूत रूढ झाली. पण नायलॉन ६ चा वितळबिंदू २२० अंशांच्या आसपास आहे, पेटचा २५० ते २६०. शिवाय नायलॉनचे अमाइड गट मातीच्या थराला घट्ट धरतात. पेटच्या एस्टर गटांची पकड तेवढी नाही, आणि पाण्यापुढे तर ते लगेच हार मानतात.

पाणी कुठून आलं

पेट ५० पीपीएमपर्यंत वाळवला होता, त्यामुळे ओलाव्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. आता क्लेचा हिशेब करू. उघड्या पोत्यातल्या ऑर्गॅनोक्लेमध्ये २ टक्के ओलावा धरणं वावगं नाही. ३ किलोचे २ टक्के म्हणजे ६० ग्रॅम पाणी. ते १०० किलो मालात गेलं म्हणजे ६०० पीपीएम. ड्रायरने पाच तास खपून जेवढं पाणी ठेवलं, त्याच्या बारापट पाणी क्लेने एका झटक्यात आत आणलं.

पाण्याचा एक रेणू एक एस्टर बंध तोडतो आणि एका साखळीच्या दोन होतात. ०.७२ आयव्हीच्या पेटचं सरासरी संख्या-रेणुभार २४,००० धरलं, तर १ ग्रॅममध्ये ४१.७ मायक्रोमोल साखळ्या असतात. ६०० पीपीएम पाणी म्हणजे १ ग्रॅममध्ये ३३.३ मायक्रोमोल पाणी. ते सगळं विक्रियेत गेलं तर साखळ्या ७५ मायक्रोमोल होतात आणि रेणुभार १३,३०० वर येतो. आयव्ही रेणुभाराच्या साधारण ०.६८ व्या घाताप्रमाणे बदलते, म्हणजे ०.७२ ची ०.४८ होते. काही वाफ व्हेंटमधून निघून जाते, त्यामुळे प्रत्यक्ष घसरण थोडी कमी असेल. तरीही एवढ्या आयव्हीची शीट दुमडल्यावर तुटणारच.

उष्णतेने काय केलं

दुसरा घाव अमोनियमचा. लांब साखळीचे चतुष्क अमोनियम आयन १८० ते २०० अंशांच्या आसपास सुटायला लागतात. त्यातून एक अल्कीन आणि एक तृतीयक अमाइन बाहेर पडतं. माशासारखा वास या अमाइनचाच. अमोनियम गेल्यावर मातीच्या थरावर त्या जागी प्रोटॉन उरतो, म्हणजे तिथे आम्ल स्थान तयार होतं, आणि ते वितळलेल्या पॉलिस्टरच्या विघटनाला उत्प्रेरकाचं काम करतं. पिवळेपणा याच साखळी-विक्रियांतून येतो. हायड्रॉक्सीइथाइल गटांचं एक अंग चांगलं आहे, ते पॉलिस्टरशी एस्टर-विनिमय करून थराला साखळी जोडू शकतात. पण त्याच विनिमयात मूळ साखळी तुटतेही.

आणखी एक परिणाम सहज नजरेआड होतो. अमोनियम जळून गेलं की थरांमधली जागा पुन्हा मिटते. क्ष-किरण विवर्तनात तांब्याच्या किरणांनी पाहिलं तर मूळ ऑर्गॅनोक्लेचं १.८५ नॅनोमीटर अंतर २ थीटा (किरण वळण्याचा कोन) ४.८ अंशांवर शिखर देतं. थरांत पॉलिस्टर शिरून अंतर ३ नॅनोमीटर झालं तर शिखर २.९ अंशांवर सरकतं. बिघडलेल्या मालात मात्र ६.३ अंशांजवळ शिखर उगवतं, म्हणजे अंतर १.४ नॅनोमीटर. हे शिखर दिसलं की कातरण वाढवण्याचा विचार तिथेच सोडावा. थर मिटले आहेत, ते यंत्राने उघडणार नाहीत.

कोणत्या कारणाचा वाटा किती

कारणं दोन असली तरी दोन्हींचा वाटा वेगळा काढल्याशिवाय दुरुस्ती अंदाजपंचे होते. त्यासाठी त्याच यंत्रावर, त्याच तापमानाला, त्याच वेगाने चार छोट्या बॅच काढायच्या: नुसता वाळवलेला पेट, पेट आणि न वाळवलेली ऑर्गॅनोक्ले, पेट आणि वाळवलेली ऑर्गॅनोक्ले, पेट आणि वाळवलेली सोडियम-क्ले (अमोनियम न बसवलेली मूळ माती), सिलिकेटचं प्रमाण ऑर्गॅनोक्लेएवढंच ठेवून. पहिल्या बॅचची आयव्ही-घसरण यंत्राच्या खात्यात जाते. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक पाण्याचा. तिसऱ्या आणि चौथ्यातला फरक अमोनियमच्या रसायनाचा. चौथी बॅच बहुतेक जण टाळतात, कारण सोडियम-क्ले विखुरत नाही हे आधीच माहीत असतं. पण विखुरणीची अपेक्षा तिच्याकडून नाहीच. त्या बॅचशिवाय मातीचा दोष आणि अमोनियमचा दोष वेगळे करता येत नाहीत.

आयव्ही मोजताना एक खड्डा आहे. फिनॉल-टेट्राक्लोरोइथेनमध्ये क्ले असलेला नमुना विरघळवला की क्लेचे कण द्रावणात तरंगत राहतात आणि प्रवाहाचा वेळ फुगवतात. वजनात ३ टक्के क्ले असल्याने पॉलिमरची संहतीही ३ टक्क्यांनी कमी असते. द्रावण सेंट्रिफ्यूज करून गाळावं आणि संहती पॉलिमरच्या वजनावर काढावी. हे न केल्यामुळे बिघडलेला माल कागदावर ठीकठाक दिसल्याचे प्रकार होतात.

अडथळा एवढाच का वाढला

३ किलो ऑर्गॅनोक्ले म्हणजे ३ किलो माती नव्हे. जाळल्यावर या प्रकारचं ३० टक्के वजन उडून जातं. खरं सिलिकेट उरलं २.१ किलो. त्याची घनता २.७ आणि पेटची १.३४ धरली की घनफळात ते फक्त १.०५ टक्के. अडथळ्याचं साधं चक्रव्यूह-सूत्र असं आहे: उरलेली पारगम्यता = (१ − फ) ÷ (१ + फ × ग ÷ २). इथे फ म्हणजे घनफळाचा अंश आणि ग म्हणजे पापुद्र्याच्या लांबीचं जाडीशी गुणोत्तर. ग १०० असेल तर पारगम्यता ३५ टक्क्यांनी घटते. ग २० असेल तर जेमतेम १० टक्क्यांनी.

एक सुटा पापुद्रा साधारण १ नॅनोमीटर जाड आणि १००–२०० नॅनोमीटर रुंद असतो. पाच पापुद्र्यांची चवड, एका पापुद्र्याच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत ३ नॅनोमीटर, म्हणजे एकूण जाडी १३ नॅनोमीटर. १५० नॅनोमीटर रुंदीला गुणोत्तर बारावर उतरतं. बिघडलेल्या शीटमधला अडथळा अशा चवडींचा होता. आकडा आणि कारण इथे साधारण जुळतात. शिवाय सूत्र धरून चालतं की पापुद्रे शीटला समांतर पडलेले आहेत. ते तसे नसतील तर फायदा आणखी घटतो.

यातून अपेक्षेची मर्यादाही ठरते. एवढ्या क्लेने पारगम्यता निम्मी करायची तर गुणोत्तर २०० च्या घरात हवं, आणि वितळ-मिश्रणाने पेटमध्ये ते गाठणं फार अवघड आहे. निम्म्याहून कमी हवी असेल तर ईव्हीओएच किंवा एमएक्सडी६ या ऑक्सिजन अडवणाऱ्या प्लास्टिकचा वेगळा थर हाच सरळ मार्ग. क्ले ८–१० टक्क्यांवर नेऊन तिथे पोचण्याचा प्रयत्न केला तर शीट धुरकट आणि ठिसूळ होते, आणि चवडी आणखी जाड होतात.

दुरुस्ती

सगळ्यात मोठा बदल क्लेच्या लेपात, म्हणजे थरांवर बसवलेल्या सेंद्रिय आयनांत, केला. चतुष्क अमोनियमऐवजी १,२-डायमिथाइल-३-हेक्साडेसिल-इमिडाझोलियम. इमिडाझोलियमचं वलय सहज तुटत नाही, त्यामुळे पेटच्या तापमानाला हा लेप टिकाव धरतो. विकत मिळणाऱ्या क्लेच्या माहितीपत्रकावरचं विघटनाचं सुरुवातीचं तापमान पुरेसं नसतं, कारण ते भराभर तापवून काढलेलं असतं. नमुना टीजीएमध्ये (तापवताना वजन मोजणाऱ्या यंत्रात) २८० अंशांवर १० मिनिटं स्थिर धरून वजन पाहावं, एकदा नायट्रोजनमध्ये आणि एकदा हवेत. माल यंत्रात जे भोगतो त्याच्या जवळची चाचणी हीच.

लेप स्वतः चढवायचा असेल तर १ किलो सोडियम-क्लेचं प्रमाण असं. क्लेची आयन-विनिमय क्षमता १०० ग्रॅमला ९२ मिलिसममूल्य (एकभारी आयनांचे तेवढेच मिलिमोल) असेल तर १ किलोला ०.९२ मोल लागतात. ५ टक्के जास्त धरून ०.९६६ मोल, म्हणजे ब्रोमाइड क्षाराचे ३८८ ग्रॅम. क्ले आधी ६० ते ७० लिटर कोमट पाण्यात ढवळून रात्रभर फुगू द्यायची आणि तळाशी बसलेली वाळू बाजूला काढायची. मग ६०–७० अंशांना क्षाराचं द्रावण हळूहळू सोडून चार-पाच तास ढवळायचं. धुण्यात कसूर करायची नाही. गाळातल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर गढूळपणा येईनासा झाला की ब्रोमाइड संपलं. उरलेलं ब्रोमाइड यंत्राचं लोखंड खातं आणि लेपाचं विघटनही लवकर सुरू करतं. न बसलेला जादा क्षार काढायला शेवटची धुणी पाणी-इथेनॉलच्या मिश्रणाने घ्यावी. हिशेबाने १ किलो मातीची १.२७५ किलो ऑर्गॅनोक्ले होते, त्यात २३ टक्के सेंद्रिय भाग. विनिमय अपुरा राहिला तर उरलेलं सोडियम पेटचं स्फटिकीकरण वाढवतं आणि शीट धुरकट होते, म्हणून जाळून उरलेल्या राखेचं वजन प्रत्येक लॉटला घ्यावं. राख ९०० अंशांवर काढली तर मातीच्या स्फटिकातलं पाणीही उडतं. ते सुमारे ५ टक्के असतं, म्हणून राखेचं वजन ०.९५ ने भागलं की खरं सिलिकेट मिळतं.

सुकी भुकटी हाताळताना धूळ ओढणारा पंखा आणि कण रोखणारा चांगला मास्क आवश्यक आहे. माँटमोरिलोनाइट ज्यातून मिळते त्या बेंटोनाइट मातीत स्फटिकी सिलिकाचा अंश असू शकतो आणि तो फुप्फुसांना घातक आहे.

दुसरा बदल वाळवणीचा. क्ले ९० अंशांना निर्वातात रात्रभर ठेवून ओलावा ०.२ टक्क्यांच्या आत आणला. ३ किलोमागे ६ ग्रॅम पाणी, म्हणजे ६० पीपीएम. पातळ थरात पसरावी, कारण खोल ट्रेमधल्या मधल्या भागात पाणी अडकून राहतं.

तिसरा बदल मिसळण्याच्या क्रमाचा, आणि विखुरणी खरी सुधारली ती यामुळे. क्ले थेट पेटमध्ये न घालता आधी पीईटीजी या पेटच्या भाऊबंद प्लास्टिकमध्ये २० टक्क्यांचा मास्टरबॅच (जास्त क्ले भरलेले दाणे) केला. पीईटीजी स्फटिक होत नाही, त्यामुळे ते २१५–२३० अंशांवर चालतं. तापमान कमी म्हणून लेप सुरक्षित राहतो, आणि वितळ घट्ट म्हणून चवडी उलगडायला पुरेसा ताण मिळतो. एकाच चालीने दोन अडचणी सुटतात. पीईटीजीची भुकटी आणि क्ले आधी कोरडी मिसळून मुख्य हॉपरमधून दिली, वेग २५० फेरे, शेवटच्या टप्प्यात निर्वात व्हेंट. वितळीचं तापमान प्रोबने मोजून २४० च्या आत ठेवलं.

शीट लाइनवर १५ किलो मास्टरबॅच आणि ८५ किलो पेट. क्ले तेवढीच, ३ किलो, पण नव्या लेपामुळे सिलिकेट २.३ किलो. मास्टरबॅच पेटच्या ड्रायरमध्ये टाकायचा नाही. पीईटीजी ८० अंशांच्या आसपास मऊ होतं, १७० अंशांच्या ड्रायरमध्ये त्याचा एक गोळा होऊन बसेल. तो वेगळा ६५ अंशांना सहा तास वाळवायचा आणि एक्स्ट्रूडरच्या तोंडाशी डोझरने द्यायचा. एवढं करूनही त्यात ४०० पीपीएम ओलावा राहिला तर १५ टक्के वाट्याने ते ६० पीपीएम होतात. पेटचे ४० धरून एकूण १००.

१०० पीपीएम पाणीही फुकट सुटत नाही. ०.७२ आयव्हीचा पेट त्याने ०.६६ वर येतो. म्हणून मूळ पेटच ०.८० आयव्हीचा घेतला. त्याच हिशेबाने तो ०.७२ वर थांबतो. इपॉक्सी प्रकारचा साखळी-जोडक २०० ते ४०० ग्रॅम घालून आयव्ही सावरता येते, पण पाणी आणि लेप ताब्यात आल्यानंतरच. ओल्या मालात तो घातला तर घसरण झाकली जाते आणि शीटमध्ये जेलचे डोळे येतात, जे क्लेच्या गोळ्यांपासून वेगळे ओळखताही येत नाहीत.

मोजमाप करताना

नव्या शीटच्या क्ष-किरण आलेखात शिखर दिसलं नाही म्हणून पापुद्रे सुटे झाले असं लिहून टाकू नये. क्ले कमी असली किंवा चवडी वेड्यावाकड्या पडल्या असल्या तरी शिखर नाहीसं होतं. ७०–८० नॅनोमीटर जाडीचे काप घेऊन टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) पाहावं लागतं, आधी कमी विवर्धनात मोठा भाग, मग जास्त विवर्धनात. एखादा सुंदर उलगडलेला कोपरा दाखवणारा फोटो काहीच सिद्ध करत नाही.

अडथळ्याच्या तुलनेतही स्फटिकतेचा घोळ असतो. क्ले पेटमध्ये स्फटिकांची बीजं पेरते, आणि स्फटिकता वाढली की ऑक्सिजनचा वेग आपोआप घटतो. मग श्रेय क्लेच्या पापुद्र्यांना जातं. दोन्ही शीटची स्फटिकता डीएससीने (तापवताना उष्णतेची देवघेव मोजणाऱ्या यंत्राने) काढावी: वितळण्याच्या उष्णतेतून थंड स्फटिकीकरणाची उष्णता वजा करून १४० ज्यूल प्रति ग्रॅमने (पूर्ण स्फटिकी पेटची वितळण्याची उष्णता) भागायचं आणि भरणद्रव्याचं वजन वगळायचं. घनतेवरून काढलेली स्फटिकता इथे उपयोगाची नाही, कारण जड क्ले घनता वाढवते. तुलनेची शीटही नुसत्या पेटची नको. त्यात तेवढंच, म्हणजे १२ टक्के पीईटीजी हवं, कारण पीईटीजी पेटपेक्षा ऑक्सिजन जास्त सोडतं.

या रचनेत गुणोत्तर ५० पर्यंत पोचलं तर सूत्राप्रमाणे पारगम्यता २३ टक्क्यांनी घटते, १०० वर पोचलं तर ३७ टक्क्यांनी. पीईटीजीचा तोटा यातून वजा होतो. खरेदीदाराला २० ते ३० टक्क्यांपलीकडचं आश्वासन देऊ नये असं आमचं मत आहे. शीट नुसत्या पेटएवढी पारदर्शक राहत नाही, हेही आधीच सांगावं.

ट्रे दाबून काढताना हीटरची वेळ कमी करावी लागते. क्लेमुळे शीट तापताना लवकर पांढरी पडते, म्हणून आकार देण्याची खिडकी अरुंद होते. चिल रोल (शीट गार करणारा रूळ) थंड ठेवून शीट जितकी अस्फटिक काढता येईल तितकी ही खिडकी रुंद राहते.

ट्रे कापल्यावर उरलेल्या जाळीचा रीग्राइंड (पुन्हा वापरायला दळलेला माल) वेगळ्या पिंपात ठेवावा. त्यात पीईटीजी असल्याने तोही १७० अंशांच्या ड्रायरमध्ये चिकटतो. शिवाय प्रत्येक फेरीत लेप आणखी थोडा जळतो, आणि पुढच्या बॅचचा पिवळेपणा तिथूनच सुरू होतो. त्याचं प्रमाण ठरवताना शीटचा पिवळेपणा आणि गाळून काढलेली आयव्ही दोन्ही पाहावी, आणि दोन्हींपैकी एकही सरकली की प्रमाण उतरवावं.